चारचौघांची भीती आणि बाटलीचा धीर



प्रत्येक वस्तीत असा एक तरी माणूस असतो. सकाळी डबा घेऊन खाली मान घालून जातो, कुणी हाक मारली तर नुसता हसून पुढे सरकतो, नळावर भांडण झाले तरी तोंडातून शब्द काढत नाही. संध्याकाळी मात्र त्याच माणसाचा आवाज चार गल्ल्यांत ऐकू येतो. मग तो नगरसेवकाला शिव्या घालतो, भावाला जुना हिशेब विचारतो, बायकोला रस्त्यावर उभी करतो. लोक म्हणतात, "माणूस गरीब गाय आहे हो, पण प्यायला की वाघ होतो." हे वाक्य आपण इतक्या वेळा म्हटले आहे की त्यातला प्रश्नच आपल्याला दिसेनासा झाला आहे. हा दारू का पितो, असे सगळे विचारतात. शुद्धीत असताना तो गाय का असतो, हे कुणी विचारत नाही.

दारूची कारणे पुष्कळ आहेत. मेहनतीने मोडलेले अंग, संगत, बेकारी, घरातले दुःख, आणि निव्वळ चटक. सगळे पिणारे बुजरे नसतात, आणि कितीतरी बुजरी माणसे दारूला शिवतही नाहीत. चारचौघांत आपला तोल जाईल या धास्तीनेच ती लांब राहतात. पण पिणाऱ्यांमध्ये एक गट असा आहे की जो मजेसाठी पीत नाही. लोकांसमोर उभे राहता यावे, एवढ्यासाठी तो पहिला घोट घेतो. या गटाविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, आणि त्याच्यावर केले जाणारे उपायही दुसऱ्याच कुणासाठी बेतलेले असतात.

ही भीती म्हणजे साधा लाजाळूपणा नव्हे. नवीन माणसांत बुजणे, भाषणाआधी घसा कोरडा पडणे हे कुणालाही होते आणि पाच मिनिटांत जाते. इथे तसे नसते. लोक आपल्याकडे पाहत आहेत, आपले काहीतरी चुकणार आणि आपले हसे होणार, ही धास्ती मनात घर करून बसते. बँकेच्या खिडकीसमोर सही करताना हात थरथरतो. लग्नाच्या पंगतीत घास घशाखाली उतरत नाही, कारण समोरचा बघतो आहे. साहेबाने केबिनमध्ये बोलावले की घाम फुटतो, आवाज चिरकतो. मग माणूस अशा जागाच टाळू लागतो. पंगत टाळतो, मिटिंग टाळतो, बढतीची परीक्षा टाळतो. सहा महिन्यांच्या वर हे चालले आणि रोजच्या जगण्यात आडवे येऊ लागले, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या रोगनिदानाच्या पुस्तकात त्याला स्वतंत्र जागा दिली. मराठीत त्याला सामाजिक भयगंड म्हणतात. आपल्या घरांत त्याची नावे वेगळी आहेत: बुजरा, मुखदुर्बळ, घुम्या. मुलगी असेल तर नावही नाही, कौतुकच होते. "किती शांत आहे पोरगी!"

हा आजार बहुधा शाळेच्या वयात, तेराव्या वर्षाच्या आसपास सुरू होतो. दारूचा पहिला पेला त्यानंतर काही वर्षांनी येतो. ज्यांना दोन्ही त्रास आहेत अशा माणसांच्या पाहण्या झाल्या, त्यांत बहुतेकांचा क्रम हाच निघाला: भीती आधीची, दारू नंतरची. अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे या भयगंडाच्या दर पाच माणसांपैकी साधारण एकाला दारूचाही त्रास असतो.

आता तो पहिला पेला. आपल्याकडे तो पुष्कळदा हळदीला किंवा वरातीत मिळतो. बँजो वाजतो आहे, मित्र हात धरून ओढत आहेत, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचा पाय जागचा हलत नाही. सगळे आपल्यालाच बघत आहेत असे त्याला वाटते. कोणीतरी त्याला मांडवामागे नेतो, प्लास्टिकच्या ग्लासात दोन घोट देतो. थोड्याच वेळात तोच पोरगा वरातीच्या पुढे नाचत असतो. (जयंतीच्या मिरवणुकीत आमच्याकडे असे होत नाही, हे छातीठोकपणे सांगणारे मंडळ मला भेटले तर मी त्याचा जाहीर सत्कार करीन.) बरोबरचे नाचणारे ती रात्र विसरून जातात. तो विसरत नाही. आयुष्यात पहिल्यांदा लोकांची भीती वाटली नाही, ही गोष्ट त्याच्या मनात कोरली जाते.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिचा एक संस्थापक बिल विल्सन. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो लष्करात तरुण अधिकारी होता. मोठ्या लोकांच्या घरच्या मेजवानीत अवघडून उभा असताना त्याने पहिल्यांदा दारू घेतली, आणि लोकांमधले व आपल्यामधले अंतर एकदम नाहीसे झाल्यासारखे त्याला वाटले. ही हकीकत त्यानेच पुढे सांगितली आहे. न्यू बेडफर्ड गावातली ती मेजवानी आणि आपल्या चाळीतली हळद, यांत मला तरी काही फरक दिसत नाही.

दारूने भीती कमी होते, हे खोटे नाही. खोटे असते तर प्रश्न सोपा होता. मेंदूत गाबा नावाचे एक द्रव्य असते, त्याचे काम ब्रेकचे. दारू हा ब्रेक अधिक दाबते, त्यामुळे धडधड मंदावते, स्नायू सैल पडतात, 'लोक काय म्हणतील' हा विचार मागे जातो. पण सगळी करामत दारूचीच असते असेही नाही. १९७७ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात टेरेन्स विल्सन आणि डेव्हिड अब्राम्स यांनी एक प्रयोग केला. तरुण पुरुषांना एका अनोळखी स्त्रीशी काही मिनिटे बोलायचे होते आणि तिच्यावर छाप पाडायची होती. बोलण्याआधी काहींना व्होडका दिली, काहींना नुसते टॉनिक वॉटर. गंमत अशी की, ज्यांना व्होडका म्हणून नुसते पाणी दिले होते त्यांच्याही हृदयाचे ठोके कमी वाढले. पोटात काय गेले यापेक्षा काय गेले असे वाटते, याने फरक पडला. दोन वर्षांनी त्यांनी हाच प्रयोग स्त्रियांवर केला, तर निकाल उलटा आला. आपण दारू प्यालो आहोत असे ज्या स्त्रियांना वाटत होते, त्यांची धडधड वाढली. पुरुष प्यायला तर मर्दपणा आणि बाई प्यायली तर अब्रू गेली, हे तिकडच्या शरीरांनाही पाठ होते म्हणायचे.

मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेला कारकून आहे. त्यामुळे मला ही गोष्ट हिशेबाच्या भाषेत लवकर कळते. बाटलीतून येतो तो धीर उसना असतो, आणि त्याला व्याज सावकारी लागते. रात्री दाबून ठेवलेला मेंदू सकाळी उसळी मारतो. दारू उतरताना हात कापतात, छाती धडधडते, उगाच काहीतरी वाईट होणार असे वाटते. म्हणजे जी भीती घालवायला प्यायला, तीच सकाळी दुप्पट होऊन उशाशी बसते. त्यात रात्री आपण काय बोललो ते आठवत नाही. बुजऱ्या माणसाला आधीच प्रत्येक भेटीनंतर 'आपले काय चुकले' हे उगाळत बसायची सवय असते. आता उगाळायला खरोखरच काहीतरी मिळालेले असते. दुपारपर्यंत तो गल्लीतून मान खाली घालून जातो. संध्याकाळी पुन्हा लोकांसमोर जायचे असते, म्हणून पुन्हा घोट. शिवाय एक छुपे नुकसान आहे. भीती चढते, काही वेळ टिकते आणि आपोआप उतरते, हा शरीराचा नियम आहे. पण भीती चढायच्या आत पेला रिकामा करणाऱ्याला ती उतरताना कधी दिसतच नाही. वीस वर्षे पिऊनही तो लोकांसमोर उभा राहायला शिकलेला नसतो.

असा माणूस पुष्कळदा एकटाच पितो, हेही ओळखीचे लक्षण. कार्यक्रमात त्याच्या हातात ग्लास दिसणार नाही. तो आधीच घेऊन येतो, किंवा कार्यक्रम कसाबसा पार पडल्यावर घरी येऊन घेतो. त्यामुळे मित्र शपथेवर सांगतात की, "तो? तो तर आमच्यात कधी बसत पण नाही!"

एका भगिनीने परवानगी दिली म्हणून तिच्या घरची हकीकत सांगतो. ओळख पटेल असे त्यात काही ठेवलेले नाही. नवरा कारखान्यात फिटर. हातात कसब, तोंडात शब्द नाही. बारा वर्षांनी त्याला सुपरवायझर केले, घरच्यांनी पेढे वाटले. पण आता रोज सकाळी पंधरा माणसांसमोर उभे राहून कुणी काय करायचे ते सांगायचे होते. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन दांड्या मारल्या. तिसऱ्या आठवड्यापासून ड्यूटीवर जाण्याआधी नाक्यावर नाइंटी सुरू झाली. सहा महिन्यांत नाइंटीची क्वार्टर झाली. बायकोला कळले ते खिशात सापडलेल्या वेलदोड्यांवरून. "ह्यांना चहात वेलची टाकली तरी चालत नव्हती," ती म्हणाली.

मग भावकी जमली. रविवारी विहारात वंदनेनंतर त्याला सगळ्यांसमोर उभे केले आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे शपथ घ्यायला लावली. हेतू चांगलाच होता. पण पाहा, पंधरा माणसांसमोर बोलता येत नाही म्हणून जो पितो, त्याला पन्नास माणसांसमोर उभे केले. त्याने शपथ घेतली, अकरा दिवस पाळली. पुढे विहारात येणेच बंद केले. तोंडाने पाचवे शील म्हणायचे आणि खिशात वेलदोडे, हे त्याला जमेना. घरच्यांना वाटले, हा धम्मही विसरला. माझ्या मते तो विसरला नव्हता म्हणूनच येत नव्हता.

वर्षभराने सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात एका डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारले, "दारू नव्हती तेव्हा तुम्हाला कशाची भीती वाटायची?" तो बराच वेळ गप्प बसला आणि मग सातवीतल्या वाचनाच्या तासाविषयी बोलू लागला. एका शब्दावर अडखळला होता, वर्ग हसला होता, गुरुजीही हसले होते. लग्नाला सोळा वर्षे झाल्यावर बायकोने ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली. दारू लगेच सुटली नाही. मध्ये एकदा पुन्हा सुरूही झाली. आता चौदा महिने झाले आहेत. सुपरवायझरचे काम त्याने सोडलेले नाही. सकाळची कामे फळ्यावर लिहितो आणि मग थोडेच बोलतो. हळदीला अजूनही जात नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या माणसाची प्रत्येक भीती हा आजार नव्हे. आडनाव सांगितल्यावर बदललेला समोरच्याचा चेहरा, 'कोट्यातून आलात का' हा प्रश्न, डबा उघडल्यावर सरकलेली शेजारची खुर्ची, हे ज्याने सोसले आहे तो चार माणसांत सावध राहतो. ही सावधगिरी अनुभवाने शिकवलेली असते. तिच्यावर गोळी नाही, आणि त्या माणसाला रोगी ठरवणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होईल. पण शरीराला हा फरक कळत नाही. घाम तोच, धडधड तीच, आणि नाक्यावरच्या दुकानात दोन्हींवर औषध म्हणून बाटली एकच मिळते. शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी जणांनी ऑफिसच्या पार्टीत ग्लास हातात धरला तो याच कारणाने, असे माझे मत आहे.

मग आधी काय सोडवायचे, दारू की भीती? दोन्ही एकदम धरावे लागते. दक्षिण कॅरोलायनातल्या संशोधकांनी २००८ साली दोन्ही त्रास असलेल्या माणसांना पॅरॉक्सेटिन हे भीतीवरचे औषध देऊन पाहिले. भीती खरोखर कमी झाली. लोकांसमोर जाण्याआधी दारूचा आधार लागेनासा झाला. पण एकूण पिण्याचे प्रमाण काही घटले नाही. वाट भीतीने दाखवली असली, तरी एकदा पायाखालची झाल्यावर दारू त्या वाटेने आपली आपण येते. म्हणून 'भीती गेली की दारू आपोआप जाईल' हेही खरे नाही, आणि 'आधी दारू सोड, मग बघू' एवढ्यानेही भागत नाही. कारण दारू सोडल्यावर पहिल्या पंगतीत ती जुनी भीती जशीच्या तशी समोर उभी असते.

भीतीवर बोलण्याचा इलाजही आहे, आणि तो चांगला लागू पडतो. त्यात माणसाला पायरी पायरीने लोकांसमोर नेतात. पहिली पायरी अगदी खालची: गर्दी नसताना बँकेत जाऊन एक सही करून येणे. मग रेशनच्या रांगेत पुढच्या माणसाला वेळ विचारणे. मग चार पाहुण्यांत बसून अर्धा कप चहा पिणे, हात कापला तरी कप खाली न ठेवता. भीती उतरेपर्यंत तिथेच थांबायचे, हा त्यातला मुख्य भाग. घरच्यांनी यात मदत जरूर करावी, पण त्याच्या वतीने बोलू नये आणि मागून ढकलूही नये.

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे देशात दारूपायी ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ५.७ कोटी लोक आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, दारूचा आजार असलेल्या शंभरातल्या ८६ जणांना उपचार मिळतच नाहीत असे दिसले. एवढे डॉक्टर आणायचे कुठून? गोव्यात संगाथ या संस्थेने याचे एक उत्तर शोधले. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला त्यांनी साधी माणसे तयार केली. मनोविकाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेली, पण नीट प्रशिक्षण दिलेली. जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी या गटातल्या ३६ टक्के लोकांचे पिणे आटोक्यात आले; ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होते. हा अभ्यास 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत २०१७ साली छापून आला. तो भीतीवरचा नव्हता, दारूवरचाच होता. तरी आपल्या महिला मंडळातल्या किंवा युवक मंडळातल्या दोन-चार जणांना असे प्रशिक्षण का मिळू नये, हा प्रश्न मला पडतो. ज्यांचे पिणे रोजचे झाले आहे, त्यांना मात्र व्यसनमुक्ती केंद्राचीच गरज असते. पुण्याचे मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले, ते आजही चालू आहे. ए.ए.च्या सभाही महाराष्ट्रात ठिकठिकाणी होतात. तिथे बोलायची सक्ती नसते. बुजऱ्या माणसाला हे आधी सांगावे, नाहीतर तो दारातूनच परत फिरेल.

माता-भगिनींना तीन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींच्या पावडरी भाजीत, चहात मिसळू नका. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते डायसल्फिरम नावाचे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. ते त्याच्या संमतीनेच द्यायचे औषध आहे. दुसरे, रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून त्याची दारू एकाएकी तोडू नका. सकाळी हात कापल्याशिवाय ज्याचा दिवस उजाडत नाही, त्याला अशाने दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो, मृत्यूही येऊ शकतो. ही दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची. तिसरे, केमिस्टकडून परस्पर आणलेल्या झोपेच्या आणि भीतीच्या गोळ्या. दारूवर त्या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावतो.

आणि आपली मुले. जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी त्याच पाच मुलांना बक्षिसे मिळतात, फोटो त्यांचेच लागतात. मागच्या रांगेत खांबाआड बसलेला सहावी-सातवीतला मुलगा कुणाच्या लक्षात येत नाही. त्याला स्टेजवर ढकलून "बोल, तोंड नाही का तुला?" म्हणू नये. पाच-सहा मुलांच्या घोळक्यात, बसल्या जागी, पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्यावा. अडखळला तर कुणी हसणार नाही एवढे मोठ्यांनी पाहावे. पाहुण्यांसमोर 'कविता म्हणून दाखव' हा छळही आता बंद व्हायला हरकत नाही.

ज्यांना दवाखान्यात जायचाच धीर होत नाही, त्यांनी आधी फोन करावा. टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा नंबर १४४१६. व्यसनासाठी केंद्र सरकारचा वेगळा नंबर आहे, १४४४६. दोन्ही मोफत. समोर माणूस दिसत नसल्यामुळे काहींना बोलणे सोपे जाते, काहींना फोनचीच भीती असते. अशा वेळी घरच्याने नंबर लावून द्यावा आणि खोलीबाहेर जावे.

सरकारी रुग्णालयात जायचे तर केसपेपरची रांग हाच अशा माणसाचा पहिला डोंगर असतो. तेव्हा सकाळी लवकर जावे. रांगेत भावाने किंवा बायकोने उभे राहावे, त्याला बाहेर बाकावर बसू द्यावे. डॉक्टरांच्या टेबलासमोर त्याची वाचा बसणार हे धरूनच चालावे, आणि आदल्या दिवशी, तो शुद्धीत असताना, त्याच्याच हाताने एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: केव्हापासून पितो, दिवसाला किती पितो, आणि कुठे जाण्याआधी पितो. तो कागद त्याच्या खिशात द्यावा. बोलता आले नाही तर नुसता पुढे करायचा.